बाळंतपणाआधीचा विसावा

(माता रमाई जयंतीच्या कार्यक्रमात महिला विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आज ७ फेब्रुवारी, माता रमाईंची जयंती. दरवर्षी या दिवशी आपण त्यांच्या त्यागाविषयी ऐकतो. त्यांनी शेण्या थापल्या, अर्धपोटी दिवस काढले, बाबासाहेब परदेशी असताना घर सांभाळले, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. परंतु त्यांच्या पाच बाळंतपणांविषयी फारसे कोणी बोलत नाही. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी त्यांना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी केवळ यशवंतराव जगले. २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते. पाच वेळा दिवस भरत आलेल्या त्या बाईला दुपारी घटकाभर आडवे व्हायला मिळाले असेल काय, त्यांचे पाय सुजले असतील तेव्हा पाण्याची कळशी कोणी उचलली असेल, असे प्रश्न आम्हा बायकांच्या मनात येतात. पुरुष वक्त्यांच्या मनात ते येत नाहीत, यात त्यांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आज बोलण्याची पाळी आमची आहे.

म्हणून महिला विभागाने आजचा विषय मुद्दाम निवडला आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाईला जो थकवा येतो, जो त्रास होतो, त्याचे काय करावयाचे? मागच्या रांगेतील विद्यार्थी एकमेकांकडे पाहून हसत आहेत. त्यांनी उठून जाऊ नये. आज ना उद्या तुमच्या घरी वहिनी, बहीण किंवा पत्नी या अवस्थेत असणार आहे, आणि त्या वेळी घरातला हिंडताफिरता माणूस तुम्हीच असाल.

प्रथम आपल्या वस्तीविषयी. माहुल गाव जुने, कोळीवाडा त्याहून जुना. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे मात्र इथे स्वतःच्या मर्जीने आलेली नाहीत. २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तुटल्या आणि घाटकोपर, विद्याविहारकडची माणसे या सात मजली इमारतींतून आणून ठेवली गेली. माणसे इकडे आली, कामे तिकडेच राहिली. धुणीभांडी करणारी बाई आजही पहाटे बस धरते, पुढे लोकल धरते, आणि जिथे पूर्वी पाच मिनिटांत चालत जात होती त्याच घरी तासाभराने पोहोचते. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूला रसायनांच्या टाक्या, मध्ये आपण. या भागातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटले होते. ते प्रकरण गावातल्याच चारुदत्त कोळी यांनी नेटाने लढवले. २०२० साली याच लवादाने येथील कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांच्या घरात भरपाई ठोठावली. मधल्या काळात, २०१९ मध्ये, उच्च न्यायालयाने विस्थापितांना माहुलला पाठवू नये, अन्य घर द्यावे किंवा दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे असा आदेश दिला. काही कुटुंबे त्यातून बाहेर पडली, काही इथेच आहेत. तो लढा वेगळा, त्याविषयी संस्थेचे इतर कार्यकर्ते आमच्यापेक्षा अधिकाराने बोलतील. आम्हाला एवढेच सांगावयाचे आहे की आठव्या महिन्यातील बाईची धाप आणि सातव्या मजल्याचा जिना यांचा हिशेब एकत्र करावा लागतो.

आता थकवा म्हणजे काय ते नीट पाहू. कारण आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. एक म्हणजे, "आम्ही नाही का काढली पोरं, शेतात बाळंत झालो, संध्याकाळी भाकऱ्या थापल्या." दुसरे मत नव्या शिकलेल्या मुलींचे, की जरा दुखले तरी काहीतरी भयंकर झाले. दोन्ही मते मोडीत काढावयास हवीत. गरोदरपणात बाईच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. तेवढे रक्त त्याच एका हृदयाला फिरवावे लागते. वजन साधारण दहा ते बारा किलो वाढते. गर्भपिशवी वर सरकत फुप्फुसांखालच्या पडद्याला टेकते, म्हणून दोन जिने चढले की श्वास पुरत नाही. तीच पिशवी खाली मूत्राशयावर दाबते, म्हणून रात्री चार वेळा उठावे लागते, म्हणून झोप होत नाही, आणि झोप नाही म्हणून दुसरा दिवस सरता सरत नाही. म्हणजे बाई जागेवर बसलेली दिसली तरी तिचे शरीर काम करीतच असते. "बसून तर आहे, दमली कशाने?" असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

झोपेविषयी थोडे सविस्तर सांगतो. सातवा महिना लागला की पाठीवर उताणे झोपू नये. पिशवीचा भार खालच्या अंगाकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो, बाईला घेरी आल्यासारखे होते आणि बाळाकडे जाणारे रक्तही कमी पडते. कुशीवर झोपावे. डावी कूस अधिक बरी, उजवीही चालते. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताणे आहोत असे आढळले तर घाबरून जाण्याचे कारण नाही, कूस बदलावी आणि पुन्हा झोपावे. दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्रात बाईला चार उशा दिलेल्या असतात. आपल्या सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोलीत सहा माणसे निजतात, तिथे चार उशा कोठून आणाव्यात? जुन्या गोधडीची घट्ट घडी करून गुडघ्यांच्या मध्ये घ्यावी, एक लुगडे गुंडाळून पोटाखाली सरकवावे, कंबरेचे दुखणे बरेच उतरते. जमिनीवर निजणाऱ्या बाईने उठताना सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावे, हाताचा टेकू द्यावा, गुडघ्यावर यावे, मग उभे राहावे. आणि घरात एकच खाट असेल तर ती या तीन महिन्यांपुरती कोणाची, हे सांगावयास नको. एका घरी सासऱ्यांनी आपण होऊन खाट सोडली, तर शेजाऱ्यांनी त्यांची चेष्टा केली. आम्ही त्या सासऱ्यांचे या सभेत जाहीर अभिनंदन करतो. नाव सांगत नाही, ते लाजतील.

छातीत जळजळणे हा दुसरा सार्वत्रिक त्रास. पोटाला जागा उरलेली नसते, म्हणून एका वेळी पोटभर जेवण नको. थोडे थोडे, पाच-सहा वेळा खावे, जेवल्याबरोबर आडवे पडू नये, तिखट, तळलेले आणि चहा कमी करावा. इथे एक अप्रिय गोष्ट बोलावी लागते. गॅस धरला, मळमळले की पुष्कळ बाया मिश्री लावतात. वडीलधाऱ्या बायाच सांगतात, "लाव गं थोडी, बरं वाटंल." मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखू. ती हिरडीतून रक्तात आणि रक्तातून बाळापर्यंत पोहोचते, बाळ वजनाने कमी भरते. मिश्रीची डबी लपवून ठेवण्यापेक्षा ती सोडण्यासाठी डॉक्टरांची मदत मागावी, त्यात लाज नाही.

पायांत गोळे येणे, घोट्यांना संध्याकाळी सूज येणे, हेही शेवटी शेवटी नित्याचेच. गोळा आला की पाऊल आपल्याकडे ओढून पोटरी ताणावी. तासन्‌तास उभे राहू नये, बसताना पाय पाटावर ठेवावेत. सूज येते म्हणून पाणी पिणे बंद करणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. पाणी तोडून सूज जात नाही. कामावर जाणाऱ्या बाया वेगळ्याच कारणाने पाणी तोडतात. ज्या घरची संडास-बाथरूम ती दररोज घासते, तिथेच तिला लघवीला जाऊ देत नाहीत. म्हणून सकाळपासून पाणी प्यायचे नाही आणि दुपारपर्यंत दाबून धरायचे. याने लघवीत जंतू होतात, ताप येतो, वेळेआधी कळा सुरू होण्याची भीती असते. अस्पृश्यता गेली असे म्हणणाऱ्यांना आम्ही या बाथरूमच्या दारापाशी आणून उभे करू इच्छितो. अशा मालकिणीशी बोलायला बाई एकटी घाबरते. दोघीतिघी मिळून गेलो आणि शांतपणे सांगितले, तर काही जणी ऐकतात, असा आमचा अनुभव आहे. सगळ्या ऐकत नाहीत.

आता रक्ताविषयी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे ज्याला आपण "दिवस भरत आलेत, थकणारच" असे म्हणून सोडून देतो, त्यातला पुष्कळसा थकवा रक्ताच्या कमतरतेचा असतो आणि तो औषधाने हटतो. हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले की ते कमी समजावे. सातच्या खाली म्हणजे धोका, मग रुग्णालयातच जावे लागते. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस घ्यावयाच्या असतात आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस चालू ठेवावयाच्या असतात. पण कपाटावर गोळ्यांची पाकिटे तशीच पडलेली आम्ही घरोघर पाहतो. कोणाला शौचाला काळे होते म्हणून भीती वाटते, कोणाला मळमळते, कोणाला बाळ काळे होईल अशी शंका. शौचाला काळे होणे हे गोळीचे लक्षण आहे, त्यात काही बिघडत नाही. बाळाच्या रंगाशी गोळीचा संबंध नाही, आणि असता तरी काय बिघडले असते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, दोन्ही एकदम गिळू नयेत.

"शेवटच्या महिन्यांत कमी खा, बाळ लहान राहील, बाळंतपण सोपे जाईल," हा सल्ला अजूनही दिला जातो. तो देणाऱ्या आजीची माया खोटी नसते. तिने अडलेल्या बाया मरताना पाहिलेल्या असतात. परंतु कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपे होत नाही, आई अशक्त होते आणि बाळ हलक्या वजनाचे होते, एवढेच. फार महागडे काही लागत नाही. नाचणीची भाकरी, मेथी, शेवग्याचा पाला, चवळी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचे कूट, अंडे. शेजारी कोळीवाडा असल्यामुळे ताजे बोंबील, मांदेली आपल्याला इतर वस्त्यांपेक्षा सहज मिळते, ती बाईच्या ताटात पडावी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात, फुलांच्या वाड्या भरतात, फोटो काढतात. त्या दिवशी तिला पाटावर बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस किलोचा हंडा तिच्याच कंबरेवर द्यायचा, हे आम्हाला पटत नाही. फुले थोडी कमी आणली तरी चालतील.

थकवा साधा कोणता आणि घातक कोणता, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे. केवळ बाईला ठाऊक असून भागत नाही, कारण त्या घटकेला बोलण्याचे त्राण तिच्यात नसेल. चेहरा आणि हात सुजणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, छातीच्या खाली पोटात दुखणे, ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे आहेत आणि त्यातून झटके येऊ शकतात. रक्त जाणे, पाणी जाणे, ताप भरणे, बसल्या जागी धाप लागणे, छातीत धडधडून चक्कर येणे, यांपैकी काहीही झाले तरी सकाळची वाट पाहू नये. बाळाच्या हालचालीचेही तसेच. प्रत्येक बाळाची आपली एक रीत असते, ती आईला कळते. रोजच्यापेक्षा बाळ कमी हलू लागले तर "झोपलं असेल" असे म्हणत दुसरा दिवस उजाडू देऊ नये, त्याच दिवशी तपासून घ्यावे. वस्तीत ज्या दिवशी वास फार असतो त्या दिवशी तर कोणतीही धाप "हवेमुळेच आहे" असे आपणच ठरवून टाकतो. ती हवेमुळे असेल, रक्त कमी असल्यामुळे असेल किंवा हृदयामुळे असेल. ठरवण्याचे काम डॉक्टरांचे. मात्र आपण माहुलला कोठे राहतो, कोणता वास येतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दूषित हवेचा बाळाच्या वजनाशी आणि वेळेआधीच्या बाळंतपणाशी संबंध असल्याचे जगभरच्या संशोधनात दिसून आले आहे, तेव्हा ही माहिती तिच्या कागदावर लिहिली गेली पाहिजे.

नाव कोठे घातले आहे, चेंबूरच्या माँ रुग्णालयात, गोवंडीच्या शताब्दीत, घाटकोपरच्या राजावाडीत की शीवला, हे घरातल्या सर्वांना माहीत असावे. फाइल आणि कार्ड दाराजवळच्या खुंटीला पिशवीत अडकवून ठेवावे. १०८ ला फोन केल्यावर गाडी इमारतीखाली येते, वर येत नाही. लिफ्ट बंद असेल तर बाईला खाली कसे आणायचे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. आम्ही एक साधा उपाय केला आहे. हातांची मजबूत प्लास्टिकची खुर्ची, दोन दांडगे तरुण आणि पुढे टॉर्च घेऊन चालणारा तिसरा. विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येक इमारतीत असे तीन जण आम्हाला हवे आहेत. परीक्षेच्या दिवसांत चौथा बदली ठेवा.

पुष्कळ मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात. कोणी जालन्याला, कोणी बुलढाण्याला, कोणी बीडकडे. माहेरी जाण्याची ही चाल किती जुनी आहे पहा. महामायासुद्धा दिवस भरत आल्यावर कपिलवस्तूहून आपल्या माहेरी, देवदहाला निघाली होती. वाटेत लुंबिनीच्या शालवनात ती थांबली आणि तिथेच सिद्धार्थाचा जन्म झाला. सातव्या दिवशी ती गेली आणि बाळाला तिच्या बहिणीने, महाप्रजापती गौतमीने वाढवले. आपल्या घरातल्या चित्रात महामाया झाडाची फांदी धरून उभी असते. त्या चित्रात सगळे बाळाकडे पाहतात. आम्हाला ती फांदी दिसते, दूरच्या प्रवासाने शिणलेल्या बाईने आधाराला धरलेली. राणीची ही गत, तर जनरलच्या डब्यात दाराशी बसून जाणाऱ्या आपल्या मुलींची काय असेल? म्हणून माहेरी पाठवायचे तर आठवा सरण्याची वाट पाहू नये, आधी डॉक्टरांना विचारावे, सातव्यातच आरक्षण करून पाठवावे, सोबत फाइल द्यावी आणि तिथल्या आरोग्य केंद्रात पोहोचल्याबरोबर नाव घालावे. मुंबईच्या लोकलमध्ये गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते, डॉक्टरांचा दाखला मात्र जवळ ठेवावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आम्ही "विसावा घ्या, विसावा घ्या" असे सांगतो तेव्हा बाया आमच्याकडे पाहून हसतात. एक म्हणाली, "ताई, विसावा कुठल्या दुकानात मिळतो तेवढं सांगा." तिचे बरोबर आहे. विसावा म्हणजे बुडालेला रोज. आणि हीच गोष्ट बाबासाहेबांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक आणले होते, ते मंजूर झाले नाही. पुढे मुंबई विधिमंडळात तसे विधेयक आले आणि २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खर्चाचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, कारण लोकांचे कल्याण ही सरकारची जबाबदारी, पण मालकही सुटू शकत नाही, कारण बाईला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो म्हणूनच तो तिला ठेवतो, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. त्या भाषणाच्या दोन वर्षे आधी, जुलै १९२६ मध्ये, बाबासाहेब आणि रमाई यांचा लाडका राजरत्न गेला होता. या दोन गोष्टींचा संबंध आम्ही जोडत नाही. तारखा मात्र आपल्यापुढे ठेवतो.

१९२८ च्या त्या भाषणात "बाळंतपणाच्या आधी" हे शब्द आहेत, ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. बाळंतपणानंतरचे सव्वा महिना आपल्याकडे पाळतात. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, सारे होते. आधीचे दिवस कोणी मोजत नाही. १९६१ चा केंद्रीय कायदा आला, त्यात बाईने मागणी केल्यास शेवटच्या आठवड्यांत तिला जड काम किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही अशी तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली आणि त्यातील आठ आठवडे आधी घेता येतात. हे नियम आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले आहेत. कारखान्यात, कार्यालयात, दुकानात काम करणाऱ्या आपल्या मुलींनी हा हक्क मागून घ्यावा, पगारपत्रक आणि नेमणुकीचा कागद जपून ठेवावा. विद्यार्थिनींनो, नोकरी लागताना हा प्रश्न विचारायला कचरू नका.

परंतु चार घरची कामे करणारी बाई या कायद्यात कोठे आहे? तिला एक मालक नाही, चार आहेत, आणि चारही जण स्वतःला मालक म्हणवून घेत नाहीत. महाराष्ट्रात २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यात नोंदलेल्या बाईला दोन अपत्यांपर्यंत प्रसूतीसाठी मदतीची तरतूद आहे. नोंद केली असेल तर. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५ हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाल्यास ६ हजार. ते अवश्य घ्यावेत, फॉर्म भरण्यास अंगणवाडी सेविका आणि आशा ताई मदत करतात. पण पाच हजारांत दोन महिन्यांचा खाडा भरून निघत नाही हे शाळकरी पोरालाही कळेल. आणि खाड्यापेक्षा मोठी भीती वेगळीच असते. बाई सुट्टीवर गेली की मालकीण दुसरी बाई धरते आणि घर कायमचे जाते. त्या भीतीने नवव्या महिन्यातही ती ओणवे बसून लादी पुसते. लोक तिला कष्टाळू म्हणतात.

यावर महिला विभागाने आपल्यापुरता मार्ग काढला आहे. सातवा लागला की बाईची घरे आम्ही लिहून घेतो. आठव्यापासून तिच्या एकेका घरी आमच्यातलीच बदली जाते. आधी लादी आणि धुण्याची घरे सोडवतो, भांड्यांचे एखादे घर हवे असल्यास ती स्वतःकडे ठेवते. मालकिणीला आधीच जाऊन सांगतो की ही बदली अमुक महिन्यापर्यंतची आहे, घर तिचेच राहील. पगार बदलीला मिळतो, त्यातून ठरलेला भाग बसलेल्या बाईला जातो. हे सोपे चालले आहे असे मात्र कोणी समजू नये. बदलीवर गेलेल्या बाईलाही पोट आहे. सहा महिने केलेले घर परत देताना तिचा जीव तुटतो, आणि मालकीण म्हणते, "हीच बरी आहे, हिलाच राहू दे." यावरून दोन जिवलग मैत्रिणींचे बोलणे बंद झाले. तेव्हा आम्ही विहारात बैठक घेतली. पुष्कळ बोलाचाली झाल्या. शेवटी असे ठरले की परत देणाऱ्या बाईला पुढचे पहिले नवे घर विभागाने मिळवून द्यायचे. दोघी आता बोलतात, पूर्वीइतक्या नाही.

घरातल्या पुरुषांविषयी एकच सांगतो. पाणी भरणे, जड बाजार आणणे, थोरल्या पोराला शाळेत सोडणे आणि रात्री तिच्या आधी उठून संडासाचा दिवा लावणे, ही चार कामे या तीन महिन्यांत तुमची. "सांगितलं असतं तर केलं असतं" असे म्हणू नये. तिला सांगण्याचाही कंटाळा येतो, हाच तर थकवा. सासूबाईंना आमची विनंती आहे की तुमच्या वेळचे हाल खरे होते आणि त्या वेळी तुम्हाला कोणी विचारले नाही याचे आम्हाला वाईट वाटते. तुमचे अनुभव आम्हाला हवे आहेत, विशेषतः कोणत्या बाईला वेळेवर नेले नाही आणि काय झाले, ते सुनांना सांगा.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत चौथ्या महिन्यानंतरच्या गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. येत्या ९ तारखेला, म्हणजे परवा, आम्ही सकाळी आठ वाजता विहारापासून एकत्र निघणार आहोत. ज्यांच्या घरी कोणाला सहावा, सातवा किंवा त्यापुढचा महिना आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर डाव्या बाजूच्या टेबलाजवळ नाव, इमारत आणि मजला लिहून द्यावा. मजला विसरू नका, खुर्ची उचलणाऱ्या मुलांना तो लागतो. बदलीवर जाण्यास तयार असणाऱ्या भगिनींनीही तिथेच थांबावे. ज्यांना सातव्या मजल्यावरून खाली येणे शक्य झाले नाही त्यांच्याकडे आम्ही संध्याकाळी वही घेऊन येतो.

जयभीम.